कोचच्या विजिलला चार मिनिटं बोलायचंय, कॅथलिक रीत माहीत असलेल्यांनी कृपया सांगा

नदीकाठचा

माझे हायस्कूलचे लॅटिनचे शिक्षक आणि बेसबॉलचे कोच मागच्या शनिवारी पहाटे गेले. ऐंशी ओलांडली होती. गुरुवारी संध्याकाळी विजिल (शवपेटीपाशी जमून करायची प्रार्थना) आहे, शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आणि मग दफन. काल त्यांच्या पत्नीचा फोन आला. जुन्या मुलांपैकी तिघांनी विजिलला बोलावं असं त्यांच्या मनात आहे, आणि तिघांतला एक मी. प्रत्येकी चार मिनिटं. "स्कोअर तू लिहायचास, तुला सगळं आठवत असेल," एवढंच म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गाडीतच बसून राहिलो.

थोडं मागचं सांगतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये आम्ही साताऱ्याहून सिनसिनाटीला आलो. मी चौदा वर्षांचा होतो. बाबांच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलं म्हणून कॅथलिक मुलांच्या शाळेत नाव घातलं. या शहरात अजूनही नवा माणूस भेटला की "कुठल्या शाळेतला?" असं विचारतात, आणि त्यांना कॉलेज नाही, हायस्कूल अभिप्रेत असतं. दोन महिन्यांत इथल्या बेसबॉल संघाने, रेड्सनी, ओकलंडला ओळीने चार सामने हरवून वर्ल्ड सिरीज ही मोसमाची अंतिम मालिका जिंकली. शाळाच काय, बसचे ड्रायव्हरसुद्धा लाल टोप्या घालून होते आणि मला त्यातलं काहीएक कळत नव्हतं. सोमवारी लॅटिनच्या तासाला कोचनी फळ्यावरची विभक्तीची रूपं अर्धी पुसली, तिथे डायमंड (चार बेसचा चौकोन) काढला आणि घंटा होईपर्यंत फक्त मला उद्देशून खेळ समजावला. बाकीच्या चोवीस मुलांना तो पाळण्यापासून माहीत होता, पण एकानेही चुळबुळ केली नाही. ती चुळबुळ कोचच्या तासाला होतच नसे.

वसंतात मी निवडीला गेलो. चेंडू आला की क्रिकेटच्या सवयीने माझा उघडा उजवा हात पुढे जायचा आणि डाव्या हातातला ग्लव्ह तसाच लोंबत राहायचा. यादीत नाव आलं नाही. संध्याकाळी कोचनी मला थांबवलं, एक लांबट स्कोअरबुक आणि दोन पेन्सिली हातात दिल्या आणि म्हणाले, "मला चेंडूवरून नजर न हलवणारा माणूस हवाय." पुढची चार वर्षं मी संघाबरोबर होतो, प्रत्येक सामना लिहिला. प्रत्येक जागेला आकडा: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (होम प्लेटमागे झेलणारा) २, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्डर ७. बॅट न फिरवता बाद झाला तर उलटा के. आणि सगळ्यात अवघड, एरर. साध्या प्रयत्नाने जे जमायला हवं होतं ते चुकलं तर एरर, नाहीतर हिट. हे ठरवायचं स्कोअर लिहिणाऱ्याने. मुलं माझ्यामागे लागायची, "ती हिट लिही ना, माझ्या नावावर एरर नको." कोच एकदाही मध्ये पडले नाहीत. "तू पाहिलंस, तू लिही," एवढंच.

१९९३ चा एक सामना मला सांगायचा आहे. शेवटची इनिंग (हायस्कूलला सातच असतात), आम्ही ३-४ ने मागे, दोघे बाद, आमचा एक धावपटू दुसऱ्या बेसवर. लेफ्ट फील्डला हिट गेली. तो तिसरा बेस ओलांडून होम प्लेटकडे धावला आणि तिथे बाद झाला. मी लिहिलं ७-२, म्हणजे लेफ्ट फील्डरने कॅचरकडे फेकून बाद. सामना संपला. मुलं सामान भरत असताना कोच माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "मी त्याला चुकीची खूण केली. लिही." मी म्हटलं, कोचच्या चुकीला रकाना नाही, विचार करताना झालेली चूक नियमानुसार एररमध्ये धरतच नाहीत. ते म्हणाले, "मग समासात लिही." मी लिहिलं. ते पुस्तक आजही माझ्याकडे आहे.

माझी अडचण अशी की अंत्यविधीत माणसाची चूक सांगावी का? आणि त्यांची श्रद्धा वगळून बोललं तर अर्धा माणूसच सांगितल्यासारखं होईल, पण मी हिंदू, मी त्यांच्या श्रद्धेबद्दल कोणत्या अधिकाराने बोलू? शिवाय शवपेटीपाशी गुडघे टेकायचे का, मिस्साला काय करायचं, फुलं न्यायची का, यातलं काहीच नीट माहीत नाही. चार वर्षं त्या शाळेत काढूनही अंत्यविधीला जायची वेळ आली नव्हती.

वसईकरीण

तुमच्या कोचना शांती लाभो. मी वसईची, गेली वीस वर्षं शिकागोत. आमच्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चच्या मंडळीत) अंत्यविधीच्या मिस्साला गाणाऱ्या गटात आहे, त्यामुळे हे खूप जवळून बघते.

तुम्हाला विजिलला बोलावलंय ते अगदी रीतीप्रमाणे आहे. आमच्याकडे तीन टप्पे: विजिल, मिस्सा आणि दफनभूमीतली प्रार्थना. माणसाच्या आठवणी सांगायची जागा विजिल. मिस्सात फादर प्रवचन करतात ते येशूच्या मरणाबद्दल आणि पुनरुत्थानाबद्दल, मृताची स्तुती म्हणून नाही. काही ठिकाणी कम्युनियननंतर (पवित्र भाकर देतात त्यानंतर) कुटुंबातला कोणी दोन शब्द बोलतो, पण ते फादरवर असतं. तेव्हा विजिलला मोकळेपणाने बोला.

शवपेटीसमोर छोटं गुडघे टेकायचं बाकडं असेल. गुडघे टेकलेच पाहिजेत असं नाही. हात जोडून उभे राहिलात तरी कोणाला वावगं वाटणार नाही. घरच्यांना भेटून पुढे सरकायचं. जपमाळ म्हणायला लागले तर शांत बसा. मिस्साच्या दिवशी दारात पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि पांढरं वस्त्र घालतात. बाप्तिस्म्याला बाळाला घालतात त्या पांढऱ्या कपड्याची ती आठवण असते. जवळ पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती असते. कम्युनियन मात्र घ्यायचं नाही, ते कॅथलिकांसाठीच. रांग पुढे गेली की जागेवर बसून राहा. पुष्कळ पॅरिशमध्ये छातीवर हात आडवे घेऊन रांगेत गेलं की फादर आशीर्वाद देतात, तेही चालेल.

फुलांऐवजी मिस्सा अर्पण करा. पॅरिशच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या नावाने मिस्सा लावायची, थोडी दक्षिणा द्यायची, ते एक कार्ड देतात, ते घरच्यांना द्यायचं. कोणालाही करता येतं, कॅथलिक असायची अट नाही.

आणि चूक सांगावी का असं विचारलंत म्हणून लिहिते. आम्ही मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करतो ती तो निर्दोष होता म्हणून नाही, त्याला क्षमेची गरज आहे म्हणून. सगळा विधी त्यावरच उभा आहे. स्वतःची चूक समासात लिहून घेणाऱ्या माणसाची गोष्ट विजिलला शोभेल असंच मला वाटतं.

शेवंती

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. श्रद्धेचं बाजूला ठेवा. तुम्ही परके म्हणून नव्हे, पण चार मिनिटांत दोन विषय मावत नाहीत आणि श्रद्धेबद्दल बोलायला तिथे शंभर जण असतील. खेळाबद्दल बोला.

माझा मुलगा न्यू जर्सीत कॅथलिक शाळेत पिचर होता. २०१७ पासून हायस्कूलच्या पिचरला किती चेंडू टाकल्यावर किती दिवस विश्रांती यावर बंधन आलं, तो त्याआधीचा. त्याचे कोच हातात मोजणी यंत्र घेऊन उभे राहायचे. एकदा सहाव्या इनिंगपर्यंत समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नव्हती आणि तरी त्यांनी त्याला काढलं. आम्ही आईबाप कुंपणाला धरून ओरडत होतो, मीसुद्धा. आज त्याचं कोपर धड आहे, तो आपल्या मुलीला उचलून घेतो, आणि मला त्या दिवसाचं फार वाईट वाटतं. ते कोच गेले तेव्हा मी एवढंच लिहून पाठवलं होतं. एकच गोष्ट सांगा, पण पूर्ण सांगा.

बाल्टिमोरचा काका

वसईकरणींनी रीत नेमकी सांगितली आहे. शेवंतीताई, एकच गोष्ट सांगायची हे पटलं, पण श्रद्धा आणि खेळ हे इथे दोन विषय आहेत असं मला वाटत नाही.

मी राहतो त्या शहरात सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल होती. पुढे बेसबॉलचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू झालेल्या बेब रूथला १९०२ मध्ये, सात वर्षांचा असताना, आईवडिलांनी तिथे आणून सोडलं. ब्रदर मॅथायस नावाचे झेवियरियन संघाचे ब्रदर (व्रतस्थ धर्मबंधू) होते, देहाने प्रचंड, मुलांना शिस्त लावायचं काम त्यांच्याकडे. एका हाताने बॅट फिरवून ते उंच चेंडू मारायचे आणि रूथ ते बघत राहायचा. त्यांनीच त्याला खेळ शिकवला. १९१४ मध्ये तो तिथून व्यावसायिक संघात गेला. आपण पाहिलेला सगळ्यात थोर माणूस कोण, तर ब्रदर मॅथायस, असं रूथ आयुष्यभर सांगत राहिला. १९१९ मध्ये शाळेला आग लागली, तेव्हा पुढच्या वर्षी त्याने शाळेचं बँडपथक आपल्या यांकीज संघाच्या दौऱ्यावर बरोबर नेलं आणि इमारतीसाठी पैसे उभे केले.

आता मॅथायसबद्दल बोलताना ते व्रतस्थ होते हे गाळून कसं चालेल? लग्न नाही, पगार नाही, आणि शेकडो टाकून दिलेली मुलं पदरात. बॅट हातात घेतली तेव्हा ते व्रत काही बाजूला ठेवत नसतील. तुमचे कोच संसारी होते, पण कॅथलिक शाळेतला पगार सरकारी शाळेपेक्षा बहुधा कमीच असतो. तिथे आयुष्य काढणारा माणूस का राहिला, हे एका वाक्यात तरी यायला हवं. तुमच्या आठवणीत श्रद्धेचं असं काही आहे का, जे तुम्ही स्वतः पाहिलंत? तेवढंच सांगा. पाहिलेलं सांगायला अधिकार लागत नाही.

नदीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्सा लावली, कार्ड आणलं. ऑफिसातल्या बाईंनी नाव विचारलं आणि त्यांचेही डोळे भरले, त्यांचा भाऊ कोचच्या हाताखाली लॅटिन शिकलेला.

काकांनी विचारलं म्हणून रात्री बसून आठवत होतो. पाहिलेलं पुष्कळ आहे.

लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) शुक्रवारी ते मांस खात नसत. आमचा मोसम नेमका लेंटमध्ये सुरू व्हायचा. मॅकडॉनल्ड्सचा माशाचा सँडविच याच शहरात १९६२ मध्ये जन्मला, शुक्रवारी कॅथलिक गिऱ्हाईक फिरकेना म्हणून इथल्या एका दुकानमालकाने तो काढला. सामन्याहून परतताना बस तिथे थांबली की मुलं तो घ्यायची. मी शाकाहारी. पहिल्या शुक्रवारी मी नुसते बटाटे घेऊन कोपऱ्यात बसलो, तर कोच स्वतःचा मासा न घेता बटाटे घेऊनच समोर येऊन बसले. त्या मोसमात दर शुक्रवारी. याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आईला मी हे सांगितलं तेव्हा शाळेबद्दलची तिची धाकधूक गेली ती गेलीच.

कोणाची बॅट चालेनाशी झाली की ते ब्रुकलिन डॉजर्सच्या गिल हॉजेसची गोष्ट सांगायचे. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला २१ वेळा बॅट हातात घेऊन एकही हिट मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावरही तेच चाललेलं, तेव्हा ब्रुकलिनमधल्या एका फादरनी उकाड्यामुळे प्रवचन रद्द करून लोकांना सांगितलं, घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा. गोष्ट संपली की कोच त्या मुलाला म्हणायचे, "आज रात्री तुझा नंबर." आणि ते खरंच करत असणार, कारण दुसऱ्या दिवशी विचारायचे, झोप लागली का.

शाळेच्या चॅपेलमध्ये कन्फेशनची (फादरपाशी आपल्या चुका कबूल करायची) रांग लागायची. इतर शिक्षक आपलं पॅरिशमध्ये करत असतील. कोच मुलांच्या रांगेत उभे राहायचे, पुढे न घुसता, कधी शेवटी. मी कॅथलिक नसल्याने बाहेरच्या बाकावर बसून असायचो आणि काचेतून त्यांची पाठ दिसायची. काल ते आठवलं आणि समासातली ती ओळ आठवली, आणि दोन्हीकडे माणूस एकच होता.

आणखी एक. इथे माउंट ॲडम्सच्या टेकडीवर चर्च आहे. गुड फ्रायडेला लोक खालपासून पायऱ्या चढतात, प्रत्येक पायरीवर एक प्रार्थना. १९९२ मध्ये मीही संघाबरोबर गेलो. मला त्यांच्या प्रार्थना येत नव्हत्या, म्हणून मी मनात रामरक्षा म्हणत चढलो. वर पोहोचल्यावर कोचनी विचारलं, तुझे ओठ हलत होते, काय म्हणत होतास? मी भीत भीत सांगितलं, डोकं, कपाळ, डोळे असं एकेक अवयव देवाने राखावा अशी प्रार्थना आहे. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "खांदा आहे त्यात?" म्हटलं, आहे, आणि हातही आहेत. "मग आपल्या पिचरसाठी म्हण," म्हणाले, आणि तिथेच टोपी काढून उभे राहिले. मी सिनसिनाटीच्या त्या टेकडीवर, समोर ओहायो नदी, तेवढ्या ओळी मोठ्याने म्हटल्या. संपल्यावर त्यांनी "आमेन" म्हटलं.

शेवंतीताई, तुमचंही ऐकतो. पायऱ्या आणि समास, एवढंच सांगणार.

शेवंती

पायऱ्यांचं वाचून मी माझं मत मागे घेते. जरूर सांगा. कसं झालं ते नक्की लिहा.

नदीकाठचा

आज शुक्रवार, दफनभूमीतून आत्ताच घरी आलो. लिहितो म्हणालो होतो.

विजिलला रांग रस्त्यापर्यंत होती. पन्नाशी-साठीतली माणसं शाळेची जुनी जाकिटं घालून आली होती. मी पेटीसमोर हात जोडून उभा राहिलो. कोचच्या बोटांत जपमाळ होती आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकडंच होतं, तरुणपणी कॅचर असताना मोडलेलं. ते बोट दाखवून ते आम्हाला सांगायचे की ग्लव्हबाहेरचा हात पाठीमागे ठेवा.

मी स्कोअरबुक नेलं होतं. पायऱ्यांचं सांगितलं, आणि मग ते पान उघडून समासातली ओळ वाचली: "होमला बाद, कोचची चूक, खूण चुकीची." माझी चार मिनिटं संपली आणि मी बसलो.

तिसरा वक्ता उठायच्या आधी मागून एक माणूस उभा राहिला. मी त्याला ओळखलं नाही, केस पार गेलेले. म्हणाला, "तो धावपटू मी." पुढचं त्याला नीट बोलता येत नव्हतं. कोचनी दोन्ही हात वर करून त्याला तिसऱ्या बेसवर थांबायची खूण केली होती. त्याने ती पाहिली होती. तरी तो धावला, कारण कुंपणापाशी त्याचे वडील उभे होते आणि ते पहिल्यांदाच सामना बघायला आले होते. मुलं सामान भरत होती तेव्हा कोच आपल्याशी काही बोलले नाहीत, आणि बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, आजची चूक माझी. त्याने कोणालाच खरं सांगितलं नव्हतं.

म्हणजे ती ओळ खोटी होती. मी ती खूण पाहिली नव्हती, मी चेंडूकडे बघत होतो, तेच माझं काम होतं. "तू पाहिलंस, तू लिही" म्हणणाऱ्या माणसाने एकदाच मला न पाहिलेलं लिहायला लावलं. कोणी काही बोलेना. फादर खाली बघत होते. मग कोचच्या पत्नी हलकेच म्हणाल्या, "त्याने मलासुद्धा कधी सांगितलं नाही."

सगळं आटोपल्यावर तो माझ्याकडे आला आणि ते पान बघायला मागितलं. मी म्हटलं, पेन्सिलीने आहे, खोडता येईल. तो नको म्हणाला. माझ्याकडची पेन्सिल घेतली आणि कोचच्या ओळीखाली स्वतःचा जर्सी नंबर लिहिला, १४, आणि पुढे कालची तारीख घातली. मग पुस्तक मिटून त्याने ते कोचच्या पत्नींच्या हातात दिलं. त्यांनी ते पान पुन्हा उघडलं, चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, आणि मला परत देत म्हणाल्या, "तुझ्याकडेच ठेव. स्कोअर तू लिहितोस."